पोथ्यांच्या खोलीची झडती

जगाच्या एका दूरच्या खंडातील देशांनी एकत्र बसून करार केला, की अणुबाँब आमच्यापैकी कोणी करणार नाही, बाहेरून आणणार नाही आणि दुसऱ्या कोणाला आमच्या भूमीवर ठेवू देणार नाही. ही वार्ता आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या रेडिओवरून आली. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा सात वर्षेही पुरती झाली नव्हती. माघाचे दिवस होते. सकाळची पूजा आटोपून मी मंदिराच्या ओट्यावर उन्हात बसलो होतो. मंदिराची पूजा आमच्या घराण्याकडे होती आणि दुपारी मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. माझ्या शेजारी गावचे निवृत्त हवालदार बसले होते. दुसऱ्या महायुद्धात ते समुद्रापलीकडे जाऊन आलेले. त्यांचा आवाज कवायतीच्या मैदानासाठीच घडवलेला होता.

मला ती वार्ता फार आवडली. मी म्हणालो, "आपल्याकडे अस्त्र सोडण्याचा मंत्र देण्याआधी गुरू ते आवरण्याचा मंत्र शिष्याकडून घोटून घेत असत. हे देश तर त्याच्याही पुढे गेले. त्यांनी ते हातीच धरायचे नाही असे ठरवले."

"हाव, ठरवलं ते बेस झालं," हवालदार म्हणाले. "पन महाराज, त्यायच्या घराची झडती कोन घेईन?"

"त्यांनी शब्द दिला आहे."

"शब्द तं आमच्या पलटनीतबी सारेच देत. तरी साहेब पेट्या उघडून पाहेच."

मी हसलो. शब्दावर माझी श्रद्धा होती आणि आजही आहे. परंतु त्या वर्षी या श्रद्धेला एक नवी शिस्त लागली. ती ज्यांच्यामुळे लागली, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे.

आमची नदी लहान आहे. पुढे जाऊन ती पैनगंगेला मिळते. तिच्या काठी पाच गावे. त्यांत सर्वांत वरचे आमचे. सर्वांत खाली, पाचव्या गावाच्याही पुढे, बौद्ध कुटुंबांची एक वस्ती होती. उन्हाळ्यात नदी वरून कोरडी दिसे, पण आमच्या गावाखालच्या डोहात पाणी टिके आणि तिथून ते वाळूच्या पोटातून पाझरत पुढे जाई. खालच्या वस्तीला विहीर नव्हती. वाळू हाताने उकरून केलेला झिरा हेच तिचे पाणी. वाटीने भरायचे आणि घागरीत ओतायचे. एक घागर भरायला अर्धी सकाळ लागे.

त्या दोन-तीन वर्षांत कपाशीवर फवारायचे एक नवे औषध आमच्याकडे आले होते. डोणगावच्या बाजारातून लोक ते पत्र्याच्या लहान डब्यांतून आणीत. त्याला लसणासारखा उग्र दर्प होता. गावाला समजावून सांगण्यासाठी आलेल्या शेतकी अधिकाऱ्याने स्पष्ट सांगितले होते, की या कुळातील रसायने परदेशात युद्धासाठी, माणसे मारण्यासाठीही सिद्ध केलेली आहेत. फवारताना तोंड बांधा, वारा पाठीशी घ्या, रिकामा डबा ठेचून पुरा. लोकांनी मान डोलावली आणि रिकाम्या डब्यांतून गोडे तेल आणले. विषाला औषध म्हटले, की त्याचे भय जाते. हवालदार मात्र त्या सभेनंतर माझ्याबरोबर ओट्यापर्यंत चालत आले. मग म्हणाले, "आमाले तिकडं मुखवटे देल्ले व्हते, महाराज. रबराचे. शिट्टी वाजली का चढवाचे. ज्या गॅसासाठी चढवत व्हतो, त्याची बहीन आपल्या गोठ्यात येऊन बसली."

चैत्रात कोणीतरी डोहात ते औषध ओतले. मासे आयते वर यावेत एवढाच त्याचा हेतू असावा. ते कोणी केले हे आजतागायत कळले नाही, आणि आता कळावे अशी इच्छाही उरलेली नाही. सकाळी डोहावर मासे पांढरे पोट वर करून पसरले होते. तिसऱ्या दिवशी खालच्या वस्तीतल्या दोन शेळ्या झिऱ्याजवळ तडफडून मेल्या आणि चार लेकरांच्या तोंडाला फेस आला. बैलगाडीतून त्यांना मेहकरच्या दवाखान्यात नेले. परमेश्वराच्या कृपेने चारही वाचली.

त्यानंतरच्या सोमवारी पाचही गावांचे जाणते लोक आमच्या मंदिरापुढच्या निंबाखाली जमले. सर्वांना काळजी होती आणि प्रत्येकाला आपले गाव निर्दोष आहे हे सांगायचे होते. तेवढ्यात खालच्या वस्तीतली एक बाई डोक्यावर घागर घेऊन आली. चाळिशी ओलांडलेली, अंगाने काटक. फवारणीच्या दिवसांत ती पाचही गावांच्या शेतांत पाणी वाहायला जाई, त्यामुळे सगळेच तिला ओळखत आणि मावशी म्हणत. आजारी लेकरांत एक तिचा नातू होता. तिने घागर सभेच्या मध्ये ठेवली, वर पितळेचा पेला ठेवला आणि म्हणाली, "झिऱ्याचं पानी हाय. प्या."

कोणी हलले नाही.

"प्या ना बाप्पा. वरून तुमीच धाडलं."

आमच्या गावचे पाटील खाली पाहू लागले. मी जपमाळेचा मणी पुढे सरकवला. ती सगळ्यांकडे एकेक करून पाहत माझ्यापर्यंत आली.

"महाराज, इखापायी पेत नाही, का आमच्यापायी पेत नाही? एक तं सांगा. मंग मी घागर उचलतो."

 दोन्ही कारणे माझ्यापाशी होती, आणि दुसरे कारण मी तोपर्यंत धर्म समजत होतो.

उत्तर हवालदारांनी दिले, वेगळ्या वाटेने. ते उठून उभे राहिले. "मावशी, घागर राहू दे इथंच. आता बोलनं तिच्या म्होरं होईन." मग त्यांनी माघातली रेडिओची बातमी सर्वांना सांगितली. "त्यायचे देश मोठे, आपले गावं लहान. पन त्यायले जे समजलं ते आपल्याले काऊन समजू नये? एका गावानं सोडून भागत नाही. नदी एक, तं बंदोबस्तबी एकच पाह्यजे."

करार त्या दुपारीच झाला. मधल्या गावात जुन्या चौकीची एक दगडी खोली रिकामी होती. पाचही गावांतले सगळे डबे तिथे ठेवायचे. ज्याला फवारायचे असेल त्याने सकाळी न्यावे, आणि उरलेले औषध रिकाम्या डब्यासह संध्याकाळी परत आणावे. दाराला दोन कुलुपे: एकाची किल्ली सर्वांत वरच्या गावाकडे, दुसऱ्याची सर्वांत खालच्या वस्तीकडे. दुसऱ्या किल्लीवरून कुरकुर झाली. तिसऱ्या गावचा एक जण म्हणाला, "त्यायच्या हाती किल्ली? आमची कपाशी त्यायले इचारून फवाराची का बे?"

"पानी कोनाच्या तोंडात जाते?" हवालदारांनी विचारले. "ज्याच्या तोंडात जाते, त्याच्या हातात किल्ली."

शेवटचे कलमही त्यांचेच होते. दर महिन्याला एका गावाने दुसऱ्या गावाची झडती घ्यायची, गोठे, शेतातल्या कोपी आणि कोठ्यांसकट. पाळी चिठ्ठी टाकून ठरवायची.

करारावर शपथ घ्यावी असे मी सुचवले. बेल-भंडारा आणवला. पाचही गावांनी बेल उचलला. मावशी बाजूला उभी राहिली. "आमी आता बेल उचलत नाही, महाराज. शब्द देतो. तो धरा." मला थोडे लागले, पण शब्दाचा महिमा सकाळ-संध्याकाळ मीच सांगत असे; ना म्हणायला मला जागा नव्हती.

मग मी एक दुरुस्ती मांडली. देवालयाला लागून असलेली पोथ्यांची खोली सोवळ्याची आहे. तिथे पूजकाखेरीज कोणी जात नाही. झडतीतून तेवढी वगळावी. सर्वांनी तात्काळ मान्य केले. मावशीनेही.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या खोलीत एक डबा होता. मागच्या पावसाळ्यात पोथ्यांना वाळवी लागली होती. पणजोबांच्या हातच्या पोथ्या, बोरूने लिहिलेल्या, लाल वस्त्रात बांधलेल्या. धाकट्या भावाच्या शेतातला अर्धा डबा मी मागून आणला होता आणि फडताळाच्या पायांशी थोडे थोडे ओतीत असे. करार करताना तो डबा मी विसरलो नव्हतो. मात्र मी त्याची गणना शस्त्रांत केली नाही. दुसऱ्यांचे डबे नदी मारू शकत होते आणि माझा डबा विद्या राखत होता, असे मला मनापासून वाटत होते. खोली वगळण्याची मागणी मी सोवळ्यासाठीच केली, असे मी स्वतःला सांगितले. ते पूर्ण खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते माझ्याकडून इतके दिवस निभावले गेले.

करार मात्र उत्तम चालला. चौकीच्या दारात सकाळी दोन किल्ल्या येत. हवालदार आपली किल्ली जानव्यासारखी खांद्यावरून दोरीला अडकवीत. मावशी आपली पदराच्या गाठीत बांधी. पावसाळा गेला, फवारण्या झाल्या आणि डबे परत आले. मावशी वास घेऊनच सांगे, "हा धुतला नाही," किंवा "याच्यात अजून बोटभर हाय." लोकांना प्रथम तिचा राग आला, मग तिची सवय झाली आणि पुढे तर तिच्या नाकाची कीर्तीच पसरली. हिवरा आश्रमाच्या बाजूची माणसेही येऊन विचारून गेली, की तुमची ही दोन कुलुपांची रीत काय आहे, आम्हालाही करता येईल का. मी त्यांना अभिमानाने चौकी दाखवली.

मार्गशीर्षात तिसऱ्या गावची झडती होती. ज्याने किल्लीवरून कुरकुर केली होती, त्याने आपल्या घरातल्या एका खोलीपुढे हात आडवा धरला. "इथं कुलदैवत हाय. महाराजाची खोली सोडता, तं आमचीबी सोडा." झडतीची माणसे पुढच्या घराकडे वळली. ती खोली सुटली. पौषात दुसऱ्या गावच्या पाटलांचे देवघर सुटले. मग एकाच्या घरात बाळंतीण होती, एकाच्या घरात पूर्वजांचे टाक होते. माघ सरेपर्यंत सहा खोल्या झाल्या. एकेका खोलीचे कारण ऐकावे, तर ते माझ्या कारणाइतकेच पवित्र होते.

फाल्गुनात मावशी मंदिरापुढे आली. ओट्याच्या खाली उभी राहून बोलली, स्वर चढवला नाही.

"महाराज, खोल्या वाढून राह्यल्या. झिरा तेवढाच हाय. चैत आला का पानी उतरते, अन् पोट्टे मासोळ्यायच्या मागं लागतेत. सहा खोल्यायतून एक डबा निघाला तं आमी कुठं जाचं?"

"मी त्यांना समजावतो," मी म्हणालो.

"काय समजावसान?"

त्या सहा जणांना काय सांगावे याचा मी विचार करू लागलो. जे सांगावे ते माझ्याच दाराशी येऊन थांबत होते. मावशीचा नातू त्या दिवशी तिच्याबरोबर नव्हता, पण मला त्याच्या तोंडाचा फेस दिसला; गाडीत ठेवताना मी पाहिला होता.

मी घरात जाऊन पत्नीला सांगितले, की पोथ्यांची खोली उघडायची आहे आणि खालच्या वस्तीची बाई आत येणार आहे. ती चुलीपाशी भाकरी थापीत होती. तिने मान वर केली नाही. "उघडा. वर्षभर त्या खोलीला लसणाचा वास येतो आहे. आपल्या घरात चार पिढ्यांत लसूण आला नाही. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल आणि तुम्हीच बोलाल."

"मग तू का बोलली नाहीस?"

"सोवळ्याची खोली तुमची," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

मी हवालदारांना आणि पाचही गावांच्या माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावले. स्नान केले, पूजा केली आणि गाभाऱ्यासमोर क्षणभर उभा राहिलो. मला भीती वाटत नव्हती. काय करायचे ते स्पष्ट दिसू लागले की भक्ताच्या पायांना बळ येते, हा माझा जन्माचा अनुभव आहे. बाहेर येऊन मी खोलीचे दार पूर्ण उघडले. "मावशी, आत चला. ही खोली आता कराराबाहेर नाही."

ती उंबऱ्यापाशी थांबली. पायांची धूळ पदराने झटकली आणि आत आली. दोन पावलांवरच तिने नाक उचलले. माझ्याकडे पाहिले, फडताळाकडे पाहिले, आणि तिच्या तोंडावर हसू पसरले.

"महाराज, पोथ्या लसनाची चटनी खातेत का?"

बाहेर हवालदार मोठ्याने हसले. मग इतरही हसले. मीही हसलो असेन, कारण डोळे ओले असतानाही हसता येते. मी फडताळामागून डबा काढला आणि तिच्या हाती दिला. जे मनाशी ठरवले होते ते सर्वांसमोर सांगितले: हा करारापूर्वीपासून इथे आहे, मला ठाऊक होते, खोली मी वगळून घेतली, आणि त्यामुळे सहा खोल्या वगळल्या गेल्या. चूक माझी आहे.

तिसऱ्या गावचा तो माणूस मागे उभा होता. "पाहा बाप्पा," तो शेजाऱ्याला म्हणाला, "अन् आपल्याले बेल उचलाले लावला."

"बोल, बोल," मी म्हणालो. "आज तुझा हक्क आहे. बोलून झाले की तुझी खोली उघड."

तो ओशाळला. संध्याकाळपर्यंत सहाही खोल्या उघडल्या गेल्या. चारांत काहीच नव्हते. एकीत जुने रिकामे डबे होते. त्या माणसाच्या खोलीत, कुलदैवताच्या चौरंगामागे, दोन भरलेले डबे निघाले. त्याने ते स्वतः उचलून चौकीत नेले. वाटेत तो एवढेच म्हणाला, "डोहासाठी नव्हते, आईची आन. कपाशीसाठीच व्हते." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. माझा डबाही डोहासाठी नव्हता.

डबा गेला आणि वाळवी राहिली. मावशीनेच उपाय सांगितला. "उनात घाला महाराज, बाजेवर. उनाले वाळवी भेते. खाली राख टाका अन् निंबाचा पाला. आमच्या वस्तीतबी आता पुस्तकं हायेत. आमी तेच करतो." पोथ्यांची बाज मी अंगणात टाकली. तरीही एक पोथी मधोमध खाल्ली गेली. पणजोबांच्या अक्षराची अकरा पाने. त्या पोथीचा पाठ मला मुखोद्गत होता. उजवा हात शाबूत होता. मी ती पाने पुन्हा लिहिली. अक्षर त्यांच्यासारखे आले नाही, पण लिहिले.

चैत्र आला, डोह आटत गेला आणि मासे त्यात जिवंत राहिले. वैशाखातल्या एका सोमवारी पाच गावांची माणसे पुन्हा निंबाखाली बसली. कोणी न सांगता मावशी घागर घेऊन आली. नातू तिच्या मागे होता, काखेत पाटी. तिने घागर मध्ये ठेवली, वर तोच पितळेचा पेला ठेवला.  गेल्या वर्षीचा प्रश्न तिथेच होता.

मी ओट्यावरून उतरलो. माझ्या गुरूंनी मला सांगितले होते, की आचमनाचे पाणी कुठून आले हे विचारावे. मी विचारले नाही. मला ठाऊक होते. ते आमच्याच डोहातून निघून वाळूखालून उरलेली चार गावे ओलांडून गेले होते आणि एका बाईने वाटीवाटीने भरून परत वर आणले होते. मी पेला भरला आणि प्यालो. पाणी गोड होते, वाळूचा किंचित वास असलेले. माझ्या मागून हवालदार प्याले, मग पाटील, मग तो तिसऱ्या गावचा माणूस. माझ्या आप्तांपैकी काहींनी त्यानंतर काही वर्षे आमच्या घरी पाणी घेतले नाही. त्यांच्यासाठी मी प्रार्थना करीत असे, आणि त्यांतले बहुतेक परत आले.

मावशीने रिकामी घागर उचलली. मला वाटले, आता ती काही बोलेल आणि सभा गहिवरेल. ती बोलली खरी.

"प्याले ते बेस झालं, महाराज. पन चिठ्ठीत या महिन्यात तुमचंच गाव निंघालं हाय. खोली उघडा."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी कमरेची पोथ्यांच्या खोलीची किल्ली काढली आणि पुढे चालू लागलो.